प्रॉम्प्टरचा घोडा

चहा घ्या आधी. कारण आता जे सांगणार आहे ते ऐकून तुमचं माझ्याबद्दलचं मत बदलेल, आणि चांगल्या बाजूनं बदलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर म्हणू नका की देवाभाऊनं फसवलं.

मी नाटकाचा प्रॉम्प्टर. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान कापून झालं, की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडई म्हटलं की नाटक आलंच. नट बिचारे शेती सांभाळून, दुकान सांभाळून पाठांतर करणार तरी किती? म्हणून विंगेत एक माणूस वही घेऊन बसतो आणि पुढचं वाक्य हळूच सोडतो. तो माणूस मी. सानगडीत घर, दोन एकर धान आणि वीस वर्षं विंगेत. एवढं शुद्ध बोलतोय ना, तेही वह्या वाचून वाचून. घरातली माझी बोली वेगळी आहे, ती ऐकालच.

या कामात मर्म एकच. वाक्य सोडायचं कधी? उशिरा सोडलं तर नट उघडा पडतो, लवकर सोडलं तर गोंधळतो. समोरच्याचा श्वास ओळखायचा आणि बरोब्बर त्या श्वासावर शब्द ठेवायचा. मला ते जमायचं. गर्वानं नाही म्हणत, पण अख्ख्या साकोली तालुक्यात जमायचं तेवढं मलाच.

दुसरी गोष्ट म्हणजे मी स्वप्नाळू आहे. बांधावर बसलो की तासभर कुठे जातो ते माझं मलाच कळत नाही. माझी बायको शकून नेहमी म्हणते, "तुमी रोवणा पाहाले जाता का ढग मोजाले जाता?" मी खरं सांगितलं असतं तर तिला राग आला असता.

तर यंदा रोवणे, म्हणजे धानाची लावणी, आटोपले, हाताला काम नव्हतं, आणि गावात नुकतंच फायबरचं इंटरनेट आलं होतं. मोबाइलवर काहीतरी बघता बघता एक घोडा दिसला. उंच गवताचं माळरान, इथून तिथून वाऱ्यानं डोलणारं, आणि त्यातून एक स्वार एकटाच चाललेला. कुणी पाठलाग करत नाही, कुणी हाक मारत नाही. दूर एक नदी चमकतेय. तो खेळ होता हो, कॉम्प्युटरचा खेळ. पण मी अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या त्या गवताकडे असा बघत राहिलो की हातातला चहा निवून गेला. मला तिथे जायचं होतं. झालं, एवढंच. कारण काय विचारू नका, मला सांगता येणार नाही.

आता घोडा पळवायचा तर कॉम्प्युटर हवा. माझ्याकडे नाटक मंडळाचा जुना लॅपटॉप होता, पूर्वी पार्श्वसंगीत वाजवायचा. विंडोज सुरू व्हायला त्याला इतका वेळ लागायचा की तोवर नाटकातलं लग्न लागून पोरगी सासरी जायची. म्हणून मंडळाचे मालक बळीभाऊ यांनी तो मला देऊन टाकला होता. वाचता वाचता कळलं की असल्या म्हाताऱ्या मशीनवर लिनक्स टाकतात. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरातल्या लोकांनी मिळून बांधलंय, कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं. मला आवडलं. आमच्या गावचा तलावही तसाच, सगळ्यांचा.

पेनड्राइव्हवरून ते बसवलं तर लॅपटॉप खरंच उठून बसला. मग नेटवरच्या एका भल्या माणसानं लिहून दिलेल्या ओळी त्या काळ्या खिडकीत टाइप करायच्या होत्या. मी अक्षर न अक्षर उतरवलं. येणारं उत्तर एकच, की असली आज्ञा आम्हाला माहीत नाही. दोन दिवस! शेवटी लक्षात आलं की ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह टाइप करायचं नसतं, ते नुसतं दाखवायला असतं. आता बोला. कंसातलं वाचायचं नसतं हे मी वीस वर्षं नव्या नटांना शिकवतोय. "रडत रडत" असं लिहिलं असेल तर रडायचं, ते म्हणायचं नाही. आणि मी स्वतः काय करत होतो?

मग पासवर्ड मागितला. टाइप करतो तर पडद्यावर काहीच उमटेना. ठिपका नाही, चांदणी नाही. मला वाटलं कीबोर्ड गेला, म्हणून मी एकेक बटण अंगठ्यानं रेटून दाबत होतो.

शकून भाजी निवडत बघत होती. "काहून जी, त्याचा गळा दाबून राहिले का?"

"पासवर्ड देऊन राहिलो."

"मंग ते घेत काहून नाही?"

घेत होतं. फक्त दाखवत नव्हतं. लाजाळू मशीन, दुसरं काय.

असं करत करत सगळं जुळलं. चित्र आधी हिरवं येत होतं, मग अडकत होतं, मग एका संध्याकाळी कसलासा ड्रायव्हर बसला आणि स्वच्छ दिसायला लागलं. साकोलीहून दोन्ही हातात धरायचा कंट्रोलरही आणला. तो लिनक्सनं काही न विचारता ओळखला, म्हणून मी त्याला नारळ फोडला.

आता हा खेळ क्लाउडवरून, म्हणजे नेटवरून, खेळायचा होता; ते गौडबंगाल काय आहे ते समजून घ्या, नाहीतर पुढची फजिती कळणार नाही. खेळ आपल्या लॅपटॉपवर चालतच नाही. तो चालतो दूरच्या एका दांडग्या मशीनवर. आपण इथे बटण दाबायचं, ते तिकडे कळतं, तिकडे घोडा उडी मारतो आणि त्याचं चित्र इकडे येतं. मला हे एका दमात समजलं. शब्द एकाचे, अंग दुसऱ्याचं. म्हणजे प्रॉम्प्टिंगच झालं की.

शेवटी त्या खेळवाल्यांनी एक प्रश्न विचारला. कुठलं मशीन हवं? खाली यादी होती. भारत, सिंगापूर, युरोप, अमेरिका.

इथे मी डोकं चालवलं. आणि चुलीत घातलं.

आमच्याकडे तलावाचं पाणी सुटतं तुडुमातून, म्हणजे तलावाच्या पाळीतल्या त्या दारातून. ज्याची बांधी, म्हणजे धानाचं वावर, तुडुमाजवळ, त्याला पाणी आधी आणि भरपूर. ज्याची टोकाला, त्याच्याकडे येईतो पाटात नुसता ओलावा उरतो. पिढ्यान् पिढ्या हे बघितलेला मी माणूस. मी विचार केला, हा खेळ मूळचा कुठला? अमेरिकेचा. म्हणजे तलाव तिकडे. मग आपण टोकाचं भारत कशाला घ्यायचं? सरळ तुडुमावर जाऊन बसू. दाबलं अमेरिका. आणि स्वतःवर इतका खूश झालो की शकूनला म्हटलं, आज काहीतरी गोड कर.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळरानात उतरलो. काय सांगू! गवत छातीपर्यंत, लांब लांब सावल्या, घोड्याच्या टापांचा मऊ आवाज. माझ्या खिडकीबाहेरही हिरव्या बांध्या डोलत होत्या, आणि कुठलं गवत आतलं, कुठलं बाहेरचं, हे मला थोड्या वेळानं कळेनासं झालं. रोज एक तास फुकट मिळायचा. तो तास मी कुणाचा नवरा नव्हतो, कुणाचा प्रॉम्प्टर नव्हतो.

फक्त एक खोड होती. मी बटण दाबायचो आणि घोडा अर्ध्या क्षणानं उडी मारायचा. माळावर चालून जायचं, पण मध्ये एक ओढा होता. ओढ्याच्या काठावर बटण दाबलं की घोडा आधी पाण्यात जायचा आणि मग पाण्यातल्या पाण्यात उडी मारायचा. चाळीस वेळा भिजलो असेन.

दुसऱ्या कुणी ही खोड दुरुस्त करून घेतली असती. पण मी पडलो प्रॉम्प्टर. मी म्हटलं, ठीक आहे, हा नट जरा सुस्त आहे, याला वाक्य आधी सोडू. काठाच्या अर्धा क्षण अलीकडे बटण दाबायला लागलो. आणि घोडा उडाला! मग मी सगळंच आधी करायला लागलो. वळायचं आधी, थांबायचं आधी. दोन महिन्यांत असा हात बसला की डोळे मिटून ओढा पार करायचो.

कुणाला विचारलं का नाही? विचारता आलं असतं. माझी भाची पल्लवी साकोलीत कॉम्प्युटरचे क्लास घेते, तिनं दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण भाचीला काय सांगू, की तुझा मामा दुपारी घोडा घोडा खेळतो? शकूनलाही बजावून ठेवलं होतं. ती म्हणाली, "मी कायले सांगू बाप्पा, माह्याच घरची इज्जत जाईन."

आणि याच पल्लवीच्या मुळावर माझं खूळ येणार होतं.

झालं असं की यंदाच्या नाटकात तिला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली. आतापर्यंत ती शेजारीण व्हायची, नर्स व्हायची, ताट घेऊन यायची आणि जायची. सहा वर्षं वाट बघितली पोरीनं. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं. पण बळीभाऊंनी अट घातली होती. रंगीत तालमीत पोरगी उभी राहिली तर भूमिका तिची, नाहीतर नागपूरची नटी बोलवायची. बहीण मला म्हणाली, "दादा, तू विंगेत हायेस म्हणून मले भेव नाही." मीही छातीवर हात ठेवून शब्द दिला.

ही रंगीत तालीम होती पल्लवीच्या क्लासवरच्या हॉलमध्ये, दिवसाउजेडी. आतापर्यंत सगळे वह्या हातात धरून वाचत होते, त्या दिवशी पहिल्यांदा वह्या बंद. शकून भाचीचं काम बघायला डबा घेऊन आली होती. बळीभाऊ समोर खुर्ची टाकून बसले.

प्रवेश असा. आंधळा बाप घरात एकटा. मुलगी शारदा दहा वर्षांनी परत येते, दार वाजवते. बाप विचारतो, कोण आहे? ती म्हणते, पाहुणी आहे, पाणी मिळेल का? बाप म्हणतो, आवाज ओळखीचा वाटतो. ती म्हणते, नाही, तुम्ही मला ओळखत नाही. ती आत येते, त्याच्या समोर उभी राहते. बाप म्हणतो, तू माझी शारदा, आणि मिठी मारतो. दगडालाही पाझर फुटावा असा प्रवेश. बाप झाला होता सुधाकर टेलर, त्याला एक ओळ पाठ नसते, तो पूर्ण माझ्या तोंडाकडे कान लावून चालतो.

मी वही उघडली. खिडकीतून ऊन येत होतं, कुठेतरी धान कापणीचा वास होता, आणि मी माझ्या नेहमीच्या तंद्रीत शिरलो. वाक्यं सुटत होती, मला अगदी बरोबर वाटत होती. हात कसा बसला होता म्हणून सांगू!

तर बाहेर काय झालं? दार वाजायच्या आत पल्लवी म्हणाली, "पाहुणी आहे मी." मग तिनं दार वाजवलं. सुधाकरनं "कोण आहे" विचारायच्या आधी पाणी पुढे केलं. कुणी ओळखतो म्हणालंच नव्हतं तेवढ्यात पल्लवी म्हणाली, "नाही, तुम्ही मला ओळखत नाही." आणि ती अजून दाराबाहेरच असताना मी पुढचं वाक्य सोडलं. सुधाकर ओरडला, "तू माझी शारदा," आणि ठरल्या जागी जाऊन कडकडून मिठी मारली. तिथे शारदा नव्हती, भिंत रंगवलेला पडदा होता. सुधाकर पडद्यासकट खाली आला.

बळीभाऊ उठले. "थांबवा रे."

मला वाटलं सुधाकरला बोलतील. पण ते पल्लवीकडे वळले. "पोट्टी लगित घाई करते. हिले दमच नाही. समोरचा बोलाच्या आधी जबाब देते, असं कुठं असते का?"

पल्लवी खाली मान घालून उभी.

सुधाकर पडद्याखालून म्हणाला, "भाऊ, मले वाटते प्रॉम्प्टिंग थोडं..."

"देवाभाऊ चुकन का?" बळीभाऊ म्हणाले. "वीस वर्षं झाले, माणूस एका श्वासानं नाही चुकला." आणि खिशातून फोन काढला, नागपूरला लावायला.

तेव्हा माझी तंद्री उतरली. अख्खा प्रवेश डोळ्यांपुढून गेला आणि मला कळलं. मी ओढ्याच्या अलीकडून उडी मारत होतो. पल्लवीला, सुधाकरला, सगळ्यांना मी अमेरिकेतल्या घोड्यासारखं हाकत होतो. आणि माझ्याच नावलौकिकामुळे पोरीचा बळी जात होता.

"बळीभाऊ, फोन ठेवा," मी विंगेतून बाहेर आलो. "पोरगी नाही चुकली. मी चुकलो."

"तू कायले चुकशीन?"

"घोड्यामुळे."

"कोणत्या घोड्यामुळे?"

"अमेरिकेतल्या."

बळीभाऊंनी शकूनकडे पाहिलं. "वहिनी, याची तब्येत बरी हाये ना?"

शकूननं कपाळावर हात मारला. "तब्येतीले काही झालं नाही. डोकंच ठिकाणावर नाही."

मग सांगावं लागलं. सगळं. पंधरा-वीस माणसांसमोर, भाचीसमोर, की मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुपारी गवतात घोडा पळवतो. कान तापले होते माझे. पण बळीभाऊंचा विश्वास बसेना. त्यांना वाटलं मामा भाचीला वाचवायला गोष्ट रचतोय. म्हणाले, "दाखव." लॅपटॉप पिशवीत होता. का होता? तालमीनंतर तिथल्या नेटवर माझा तास करायचा होता, आता लपवून काय उपयोग.

लावला. घोडा माळावर आला. मी ओढ्याकडे नेला, अलीकडे बटण दाबलं, सगळ्यांनी पाहिलं, थोडं थांबून घोडा उडाला. "पाहा. मी आधी, तो मागून."

पल्लवी जवळ आली. पहिल्यांदाच काही बोलली. "मामाजी, सरकान जरा." तिनं कुठेतरी दोन ठिकाणी दाबलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. "तुमी अमेरिका काहून निवडलं?"

मी तलावाचं सांगितलं. तुडुमाचं, टोकाच्या बांधीचं. सगळं शास्त्रशुद्ध.

ती ऐकत राहिली, मग अगदी मवाळपणे म्हणाली, "मामाजी, पण बांधी त आपली सानगडीतच हाये ना? तुमाले अमेरिकेच्या तुडुमातून सानगडीपर्यंत पाट काढा लागला. तुमचं बटण जाऊन राहिलं समुद्रापार, अन् चित्र येऊन राहिलं समुद्रापारून. जवळचं मशीन घेतलं असतं त काहीच झालं नसतं."

दोन महिने. यादीतल्या एका ओळीसाठी.

तिनं भारत निवडलं आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. "आता पळवा."

पळवला. ओढ्याच्या अर्धा क्षण अलीकडे बटण दाबलं. घोड्यानं तिथल्या तिथे, कोरड्या जमिनीवर, सुंदर उडी मारली, खाली आला, आणि चालत चालत पाण्यात गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. अख्ख्या नाटक मंडळासमोर पाच वेळा. सुधाकर हसून हसून कोपऱ्यातल्या तबल्यावर पडला. पण बळीभाऊ हसले नाहीत. त्यांनी फोन खिशात ठेवला. "पोट्टीची एक तालीम अजून घेऊ," म्हणाले. "देवाभाऊ, तू मात्र सांभाळून."

सांभाळणार कसा? दोन महिन्यांचा हात दोन मिनिटांत उतरतो का? शकून म्हणाली, "मी बसतो बाजूले. मी चिमटा काढीन तवाच बोलाचं." बसली. आणि खरं सांगतो, बाईचा अंदाज फार नेमका. समोरच्याचं वाक्य संपलं, श्वास झाला, की दंडाला चिमटा, की मी वाक्य सोडणार. दार वाजलं, मग प्रश्न आला, मग उत्तर आलं. सुधाकरनं पाणी मागितल्यावर दिलं. दंड हिरवानिळा झाला, पण नाटक रुळावर आलं.

मग ती जागा आली. बाप म्हणाला, तू माझी शारदा, आणि यावेळी मिठीत पल्लवीच होती. आता तिचं वाक्य. शेवटचं, सगळ्यात अवघड. मी ओठावर आणून थांबलो, चिमट्याची वाट बघत.

चिमटा येईना.

मी वळून पाहिलं. शकून पदरानं डोळे पुसत होती. भाचीकडे बघता बघता ती माझा दंड, मला, सगळं विसरून गेली होती. आणि माझी बोलायची हिंमत होईना. बोललो आणि लवकर पडलं तर? पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मी मनात म्हटलं, संपलं, पोरगी उघडी पडली.

पल्लवीनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. एक पूर्ण श्वास घेतला, तो सोडला, आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, मी नव्हते तेव्हाही माझ्यासाठी दार उघडं ठेवत होतात ना?"

इतकं बरोबर आलं ते वाक्य की माझ्याही अंगावर काटा आला. वीस वर्षांत मी इतक्या नेमक्या जागी एकही शब्द ठेवला नसेल. सुधाकर टेलर खरोखर रडत होता.

तालीम संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "तुले पाठ होतं का हे?"

"पयल्या दिवसापासून पाठ हाये मामाजी. अख्खं नाटक."

"मंग आधीच्या येळेस काहून चुकली?"

ती म्हणाली, "तुमी बोलले ना. मामाजी बोलले म्हणजे बोलाचंच. मले वाटलं तुमाले काही दिसून राहिलं असन, जे मले दिसत नाही."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसरीकडे बघायला लागलो.

तेवढ्यात बळीभाऊ आले. पल्लवीला म्हणाले, "रोल तुझा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. वीस वर्षांत त्या माणसानं माझं तोंडभर कौतुक कधी केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

"देवाभाऊ," म्हणाले, "आज शेवटी जे चूप बसला ना तू, तसं प्रॉम्प्टिंग आजपर्यंत कोणी नाही केलं. बस, आता सिझनभर असंच कर."